चिऱ्याची पिकअप आणि स्कॉर्पिओचं इंजिन

प्रश्न : माझी २०१४ ची बोलेरो पिकअप आहे. मेकॅनिकल पंपाची, कॉम्प्युटर नसलेली. अडीच लाख किलोमीटरच्या वर पळाली आहे. मार्केट यार्डातून भाजी-कांदा भरून करूळ घाटानं वैभववाडी, कणकवलीला उतरतो आणि येताना जांभ्याचे चिरे आणतो, एका खेपेला ७५. मागं स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घेतलाय. आताशा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरलाच दम टाकते, कधी पहिला लावावा लागतो. काळा धूर सोडते आणि गगनबावड्याला पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो. पुतण्या म्हणतो, स्कॉर्पिओचं २.६ चं इंजिन टाका. भंगारवाल्याकडं ते गिअरबॉक्ससह ८५ हजारांना आहे. मिस्त्री सगळं धरून दीड लाख म्हणतो. ५ हजार विसार देऊन बसलोय. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन १७०० आणि भरल्या गाडीचं २९५० किलो आहे. टाकू का इंजिन?
– एक वाचक, कळे (ता. पन्हाळा)

उत्तर : नमस्कार. इंजिन टाकू नका. विसार बुडाला तरी टाकू नका.

तुमच्या पत्रात आजाराची कारणं दोन दिसतात आणि मोठं इंजिन त्यातल्या एकाचंही औषध नाही. पहिलं कारण हौद्यात आहे, दुसरं बॉनेटखाली. आधी हौद्याचं बघू.

चिऱ्याचं माप १४ बाय ९ बाय ७ इंच धरलं तर एका चिऱ्याचं वजन ३० किलोच्या आसपास भरतं. पावसात भिजलेला असेल तर त्याहून जास्त. ७५ चिरे म्हणजे २२५० किलो. रिकामी गाडी १७००, तुम्ही आणि बरोबरचा एक गडी मिळून दीडशे किलो. एकूण ४१०० किलो. आरसीवर परवानगी २९५० ची. म्हणजे प्रत्येक खेपेला साडेअकराशे किलो जादा वर चढतायत.

आता हे वजन घाट चढवायला किती ताकद लागते ते काढू. १५ मीटर पुढं गेल्यावर १ मीटर वर, असा चढ धरा. ताशी ४० किलोमीटरनं २९५० किलो चढवायचे तर टायरचा अडथळा, हवेचा अडथळा आणि गिअर-डिफरन्शियलमध्ये जाणारी १५ टक्के ताकद धरून इंजिनाला ४४ अश्वशक्ती द्यावी लागते. तुमचं २५२३ सीसीचं इंजिन चांगल्या तब्येतीत असताना ६० च्या पुढं देतं. म्हणजे आरसीइतका माल भरला तर करूळ घाटाला हे इंजिन पुरून उरतं. तोच हिशोब ४१०० किलोला केला तर लागतात ६०. नवं कोरं इंजिन पूर्ण रेस देऊन जेवढं काढेल, तेवढं सगळं. अडीच लाख किलोमीटर पळालेलं इंजिन तेवढं देऊ शकत नाही, म्हणून गाडी दुसऱ्यावर येते. दुसऱ्यावर ताशी २५ नं चढायला ३६-३७ अश्वशक्ती पुरते, पण गाडी संथ असल्यानं रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही आणि काटा लाल पट्टीला टेकतो.

पाटा वाढवला म्हणून गाडीची वजन उचलायची ताकद वाढली, असं समजू नका. पाट्यानं फक्त मागची बाजू बसत नाही. ॲक्सलची नळी, हबचे बेअरिंग, ड्रम, टायर, चासी सगळं २९५० च्याच हिशोबाचं राहतं. उलट गाडी खाली बसताना जो इशारा मिळायचा, तोही बंद होतो.

स्कॉर्पिओचं २.६ इंजिन जोमदार आहे, यात शंका नाही. कॉमन रेल (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारं) असेल तर ११५ अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क २७५ न्यूटन-मीटरच्या घरात. तुमच्या इंजिनाचा टॉर्क २०० च्या जवळपास. म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के जास्त पीळ ताकद मागं नेणाऱ्या त्याच जुन्या प्रोपेलर शाफ्टवर, डिफरन्शियलमधल्या त्याच क्राउन-पिनियनवर आणि त्याच ॲक्सल शाफ्टवर येणार. चिरे भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये वळणावर उभी राहिली आणि तुम्ही क्लच सोडला, तो क्षण सगळ्यात वाईट. पिनियनचे दात तुटतात किंवा ॲक्सल शाफ्ट पिळून तुटतो. मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग (गाडीचं वजन शाफ्टवर न येणारा) नसेल तर शाफ्ट तुटल्यावर चाकही बाहेर येऊ शकतं. घाटात मागं दरी असताना हे नको.

मग डिफरन्शियलही स्कॉर्पिओचं टाकू, असं कोणी सुचवेल. स्कॉर्पिओ ही माणसं नेणारी गाडी. तिचा रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, ते प्रमाण) वेगासाठी जुळवलेला असतो, चिऱ्यांसाठी नाही. वाढवलेल्या ताकदीतला मोठा हिस्सा तिथंच हातचा जातो.

दीड लाखात काय काय येणार, हे मिस्त्रीला कागदावर लिहून मागा. तोंडी आकड्यात सहसा इंजिन, माउंटिंगच्या ब्रॅकेटा आणि मजुरी एवढंच असतं. नवीन गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो आणि जोडल्यावर तो मशीनवर बॅलन्स करावाच लागतो. नुसता लेथवर सरळ करून चालत नाही. दोन्ही टोकांच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन सारखा आणि शक्यतो ३ अंशांच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर साठच्या पुढं गाडी थरथरते आणि क्रॉस व मधलं सेंटर बेअरिंग वरचेवर जातं. इंजिनाचा संप (खालची ऑइलची टाकी) चासीच्या क्रॉस मेंबरला लागला तर संप कापून वेल्ड करतात. तिथं ऑइल पंपाची गाळणी तळापासून नीट अंतरावर राहिली नाही, तर चढावर ऑइल मागं सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात. रेडिएटर मोठा हवा, त्याचं फॅनभोवतीचं श्राउड हवं, इंटरकूलर वाऱ्यात बसवायला जागा हवी. सायलेन्सरचा पुढचा पाइप नवा. स्पीडोमीटर चालेलच याची खात्री नाही.

इंजिन कॉमन रेल असेल तर भंगारवाल्याला एकच गोष्ट विचारा : त्याच गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खी वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि किल्ली बरोबर आहे का? इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ईसीयू आपली किल्ली ओळखल्याशिवाय डिझेल सोडत नाही. वायरिंग कात्रीनं कापून काढलेली असेल, तर ते इंजिन तुमच्या कामाचं नाही. शिवाय स्कॉर्पिओत २००९ च्या सुमाराला एमहॉक हे नवं इंजिन आलं. २.६ बहुतेक त्याआधीचं. म्हणजे तुमच्या गाडीहून जुनं इंजिन, किती पळालंय याचा पत्ता नसलेलं, तुम्ही ८५ हजारांना घेताय.

एक भाग असा आहे की इंजिन बदलताना त्याच्याकडं हमखास दुर्लक्ष होतं, म्हणून तो वेगळा सांगतो. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावरच्या छोट्या पंपातून येतो. बऱ्याच इंजिनांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बदललं की पंप बदलतो, नळीची जाडी बदलते, ऑइलची छोटी लाइन जोडायची राहते किंवा दाबली जाते. सपाटीवर ब्रेक बरे लागतात. घाट उतरताना पाचव्या-सहाव्या वळणाला पेडल दगडासारखं कडक होतं. तुम्ही तर भाजी भरून घाट उतरता. आजच्या गाडीतही ही तपासणी करा : इंजिन बंद करून पेडल चार वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यातलं काहीतरी गेलंय.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरची माहिती कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. वेगळ्या जातीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन यातच मोडतं. २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंडापेक्षा मोठी अडचण पासिंगची. तुमची गाडी मालवाहू आणि आठ वर्षांहून जुनी, म्हणजे दर वर्षी फिटनेस. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर गाडी नापास, आणि फिटनेस नसलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे विम्यावर पाणी सोडणं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा धरून भरपाई तुमच्याकडून वसूल करायला बघेल.

त्याच जातीचं इंजिन बदलता येतं. पण आधी आरटीओची मंजुरी आणि नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर, हे दोन्ही करावं लागतं. जुनं इंजिन घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर हात लावू नका, चोरीच्या गाडीचं प्रकरण अंगावर येतं. भंगारवाल्याकडं हे कागद नसतील तर विसार परत मागायला तेवढं कारण पुरेसं आहे.

मग करायचं काय? आधी तुमच्या इंजिनाची तब्येत नीट तपासून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर नको, मापावर. क्रम पुढं दिला आहे तोच ठेवा, कारण सुरुवातीच्या गोष्टी फुकटात होतात आणि निम्म्या गाड्या तिथंच सुधारतात.

गाडी रिकामी असताना चारही चाकं जॅकवर एकेक करून हातानं फिरवा. गिअर न्यूट्रलला. एखादं घासत असेल तर ब्रेक धरून राहतोय, तो घाटभर तुमची ताकद खातोय. टायर मूळ मापाचे आहेत का बघा. व्यास दहा टक्के मोठा झाला की ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते. मग एअर फिल्टर आणि टर्बोपासून (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यापासून) मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळ्या. नळी बाहेरून ऑइलनं ओली आणि धूळ बसलेली दिसली तर तिथून हवा निसटतेय. साबणाचं पाणी लावून दुसऱ्याला रेस द्यायला सांगा, बुडबुडे दिसतील. टर्बोत हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे काळा धूर. तुमच्या धुराचं हे पहिलं संशयित कारण.

दुसरं संशयित कारण म्हणजे पंपाचा स्क्रू. गाडी ओढत नाही म्हटलं की पंपावरचा डिझेल वाढवायचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा आत फिरवून देणारे बरेच आहेत. चार दिवस गाडी पळते. जादा डिझेल जळायला हवा नसते, म्हणून धूर होतो आणि सायलेन्सरकडं जाणाऱ्या वायूचं तापमान वाढतं. तेच तापमान पिस्टनचा माथा चिरतं, टर्बोचं चाक खातं आणि हेड गॅस्केट उडवतं. स्क्रूवरचं सील तुटलेलं असेल, लॉकनटवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर पंप आणि चारही इंजेक्टर काढून कॅलिब्रेशनला द्या. पंप बेंचवर चढवून कंपनीच्या आकड्यांना आणायचा, नॉझलचा दाब आणि फवारा बघायचा. उलटीही एक गोष्ट तपासा : एकानं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्यानं पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघावं. केबल ताणली गेली की पाय तळाला असतो आणि लिव्हर पाऊणवरच थांबतो.

गरम होण्यासाठी रेडिएटरच्या जाळीत बाहेरून अडकलेली माती आणि उसाचं पाचट इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून काढा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर नवा बसवा. त्याच्याशिवाय पाणी रेडिएटरमधून इतक्या अनियमितपणे फिरतं की काही ठिकाणी हेड तापतंच. बोअरचं पाणी भरत असाल तर आत क्षार साचतो, म्हणून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. रेडिएटरचं झाकण जुनं असेल तर नवं घ्या, त्याच्या दाबावरच पाणी उशिरा उकळतं. थंड इंजिनाचं झाकण काढून इंजिन सुरू करा. पाणी थोडं वर येणं ठीक, पण बुडबुडे सतत येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा हेड गेलंय.

एवढ्यावर भागलं नाही तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, डिझेल बंद. डिझेलचं वेगळं गेज लागतं, पेट्रोलचं चालत नाही. साधारण २५ बारच्या वर असेल तर तब्येत चांगली. २० च्या खाली किंवा चार सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर काम काढायची वेळ आली. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा, त्याहून जास्त नको. दाब वाढला तर रिंग-लायनर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

तुमच्या गाडीचं वय बघता इंजिन उघडावं लागेल, असं आम्हाला वाटतं. आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. ब्लॉक मोजून मगच पिस्टन-लायनर घ्या. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरनं मोजा आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ जे निघेल त्याच मापाचे बेअरिंग आणा. ऑइल पंप नवा टाका, तिथं पैसे वाचवू नका. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून त्या जाडीचं हेड गॅस्केट निवडायचं असतं. हे न मोजता हातात येईल ते गॅस्केट घातलं की कॉम्प्रेशन चुकतं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं, ठरलेल्या क्रमानं. टर्बोचा शाफ्ट पुढं-मागं हलत असेल तर त्याचंही काम आत्ताच. बिलावर कोणत्या मापाचे भाग घातले ते लिहून घ्या. ब्लॉक तोच, नंबर तोच, त्यामुळं आरटीओत जायची गरज नाही.

पहिले १००० किलोमीटर निम्म्या वजनानं चालवा, घाटात रेस ओढू नका. १००० ला ऑइल आणि फिल्टर बदला.

त्यानंतरही तुमचा धंदा ७५ चिऱ्यांचाच राहणार असेल, तर ही गाडी त्याला लहान आहे. तुम्ही आणि गडी बसून कायद्यानं तिच्यात ३६ चिरे येतात. जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २ हजार, शिवाय माल जागेवर उतरवावा लागतो. खेपेमागची कमाई निम्मी होते हे खरं आहे आणि ते सोसायला सांगणं सोपं नाही. म्हणून दीड लाख इंजिनात घालण्यापेक्षा गाडी दुरुस्त करून विका आणि ते पैसे मोठ्या गाडीत घाला. टाटा योद्धा २.० दोन टन माल घेते, म्हणजे ६० च्या वर चिरे. बोलेरोचीच १.७ टनाची पिकअप भाजीला आणि हलक्या चिऱ्यांच्या खेपेला बरी. पूर्ण ७५ हवेतच तर टाटा ४०७ च्या वर्गातली गाडी बघा. घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा : भरल्या गाडीचं वजन ३००० किलोच्या वर गेलं की मालवाहतुकीचा परवाना लागतो, जो आजच्या गाडीला लागत नाही. लायसनची मात्र काळजी नको, साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं आहे.